बाजारातल्या बायकांनी दिलेलं रक्त

समुद्रपूरच्या आठवडी बाजारात मला कोणी शास्त्रज्ञ म्हणून ओळखत नाही. तिथे मी भाजीवालीची पोरगी, आणि अलीकडे 'रक्तवाली'. हे दुसरं नाव पडलं तेव्हा आई नाराज झाली होती. "एवढी शिकली अन् हे काय नाव पडलं तिले," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. मला मात्र ते आवडलं. माझ्या खोलीच्या दारावर लांबलचक पदाची पाटी आहे, पण मी आयुष्यभर काय केलं ते या एका शब्दात बरोबर येतं. रक्तातल्या पेशी कुठे जन्मतात, म्हाताऱ्या कशा होतात, आणि त्यांतली एखादी वाट सोडून कर्करोगाकडे का वळते, हे शोधण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. चांगली गेली.

आमचं वावर नाल्याच्या काठी. सगळा तालुका कापसाचा, पण आमच्याकडे पाणी बरं असल्यामुळे भाजीपाला. वांगी, मेथी, मिरची, आणि सांबार, म्हणजे इतर लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. बाबा पिकवायचे आणि आई विकायची. शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर बाजारात. आईच्या शेजारी, एकाच ताडपत्रीखाली, दुसरी एक भाजीवाली बसायची. ती आमची नात्याची कोणी नव्हती, पण मी तिला मावशीच म्हणत आले. तिचा नवरा लवकर गेला होता. एका मुलाला तिने भाजीवर शिकवलं आणि मास्तर केलं. तिचा आवाज बाजारात सगळ्यांत मोठा. तिने एकदा "घ्या वो मेथी" म्हटलं की पार एष्टी थांब्यापर्यंत ऐकू जायचं. दुपारी मला झोप आली की तिच्या मागच्या रिकाम्या पोत्यांवर मी झोपायचे, आणि उठले की ती हातात एक पिकलेलं टमाटर ठेवायची. तिच्या बोलीत ते 'भेदरं'. मीठ लावून खाल्लेल्या त्या भेदऱ्यांची चव मला अजून कुठल्याच टमाटरात सापडलेली नाही.

बी.एस्सी.साठी मी वर्ध्याला आले. नालवाडीत एका खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो. शास्त्र घेतलं ते गुण बरे होते म्हणून, त्यात विशेष काही ठरवलेलं नव्हतं. ठरलं ते प्राणिशास्त्राच्या एका तासाला.

त्या दिवशी रक्ताच्या पेशी बघायच्या होत्या. कॉलेजातल्या काचपट्ट्या इतक्या जुन्या होत्या की त्यांवरचा रंग उडाला होता. सूक्ष्मदर्शकात नुसते फिकट डाग दिसत होते आणि आम्ही मुली ते डाग बघून वहीत पुस्तकातली चित्रं उतरवत होतो. आमच्या मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या कडक स्वभावाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हात धुतले, बोटाला स्पिरिट लावलं आणि स्वतःच्याच बोटात सुई टोचली. रक्ताचा थेंब काचेवर घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने तो ओढून पातळ पसरवला, वाळवला, रंगवला, नळाखाली धुतला. मग म्हणाल्या, "या आता एकेक जण."

माझी पाळी आली. भिंगाला डोळा लावला आणि मी तिथेच राहिले. गुलाबी गोल लाल पेशींचा नुसता सडा पडला होता आणि त्यांच्या मधोमध रंगामुळे जांभळी दिसणारी एक मोठी पांढरी पेशी होती, पोटात तीन पाकळ्यांसारखं केंद्रक घेऊन. मागच्या मुली कुरकुरायला लागल्या.

"मॅडम, हे खरंच तुमचं रक्त आहे?" मी विचारलं.

"तुझ्यासमोर तर काढलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा बघायचं असेल तर सगळ्यांचं झाल्यावर ये. आता सरक."

सगळ्यांचं झाल्यावर मी गेले. नंतर दर आठवड्याला जायला लागले. मॅडमनी मला रक्ताचा थर नीट ओढायला शिकवलं, रंग किती वेळ ठेवायचा ते शिकवलं, आणि मुख्य म्हणजे घाईने नाव न देता आधी नुसतं बघायला शिकवलं. शेवटच्या वर्षी त्यांनी मला पुण्याला एम.एस्सी.ला जायला सांगितलं. मी म्हटलं, घरी जमणार नाही. त्यावर त्यांनी काही वाद घातला नाही. एका रविवारी एष्टीने समुद्रपूरला आल्या, पत्ता विचारत थेट आमच्या वावरात पोचल्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून आईच्या हातची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला आणि मग बाबांशी बोलल्या.

"मॅडम, पोरगी हुशार हाये हे मले समजते," बाबा म्हणाले. "पण पुन्याले आमचं कोनीच नाई. एवढ्या दूर एकटी कशी ठेवू?"

"माझी बहीण राहते तिथे," मॅडम म्हणाल्या. "हॉस्टेल मिळेपर्यंत तिच्याकडे राहील. मी बहिणीशी बोलून आले आहे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई वांगी तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या तिले."

एवढंच. माझ्या सगळ्या शिक्षणाची परवानगी या तीन शब्दांत मिळाली. त्या बहिणीने मला सहा महिने घरातल्या मुलीसारखं ठेवलं. माणसं असं का करतात याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. फक्त आपल्या वाट्याला अशी माणसं आली, हे मी विसरत नाही.

पुण्यात पीएच.डी. केली ती रक्ताच्या कर्करोगावर. आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मज्जा असते. तिथे काही थोड्या मूळ पेशी जन्मभर बसून असतात आणि रोज नव्या रक्तपेशी घडवतात. त्यांतल्या एखादीत बिघाड झाला की तिची पिलावळ वाढत जाते आणि बाकीच्यांची जागा खाते. हा बिघाड सुरुवातीला कसा दिसतो, आजार व्हायच्या किती आधी तो ओळखता येतो, हा माझा प्रश्न. त्यासाठी पुढे काही वर्षं परदेशात, एका बर्फाळ गावातल्या प्रयोगशाळेत काढली. तिथला पहिला सगळा काळ माझा एकही प्रयोग धड झाला नाही. पेशी वाढायच्या नाहीत, वाढल्या तर बुरशी यायची. तिथले माझे म्हातारे मार्गदर्शक रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन, काय बिघडलं ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, "मग आता काय करून बघूया?" त्यांनी कधी मला मूर्खासारखं वाटू दिलं नाही. त्या प्रश्नावर मी तगले. पुढे पेशी वाढल्या, शोधनिबंध छापून आले.

बाबा गेले त्या वर्षी मी परत आले. लोकांना वाटलं आईसाठी आले. ते खरंच होतं. पण वर्ध्यात एका रुग्णालयाला जोडून रक्तविकारांच्या संशोधनाची लहानशी प्रयोगशाळा सुरू होत होती आणि तिथे मला काम मिळत होतं, हेही तितकंच खरं. आपल्याच जिल्ह्यात आपल्याच विषयाचं काम मिळणं म्हणजे किती मोठी गोष्ट, ते मला तेव्हाच कळलं होतं. नालवाडीत घर घेतलं. आईला म्हटलं, आता इथे ये. ती म्हणाली, "मी तिथं येऊन काय भिंतीले भाजी विकू?" ती समुद्रपुरातच राहिली, आणि बाजारातही बसत राहिली.

आमच्या कामाला दोन प्रकारचं रक्त लागायचं. एक रुग्णांचं. ते रुग्णालयातून मिळायचं, रुग्ण आनंदाने द्यायचे. दुसरं निरोगी म्हाताऱ्या माणसांचं, तुलना करायला. ते मिळेना. कोरोना नुकताच ओसरला होता आणि लोक सुईच्या नावानेच पळत होते. आजारी नसताना कोण कशाला रक्त देईल? वर्ध्यातल्या काही निवृत्त मंडळींना विचारलं, तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

मी हे आईला फोनवर सहज सांगितलं. ती म्हणाली, "बाया पाहिजेन का मानसं?"

"कोणीही चालेल. साठीच्या पुढचे, धडधाकट."

"मंग असं सांग न. बाजारात सगळ्या म्हाताऱ्याच तं बसून राह्यल्या."

पुढच्या आठवड्यात बाजार नसलेल्या दिवशी भाजीवाल्या बायकांचा एक घोळका एष्टीतून उतरून आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पुढे आई, तिच्यामागे मावशी. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी, पातळं नेसलेली. जणू लग्नालाच आल्या होत्या. आमचा सगळा विभाग बघत राहिला.

मी त्यांना बसवलं आणि सांगायला लागले. कशासाठी रक्त हवं, किती हवं, कोणाला देणार नाही, नाव कुठे छापणार नाही, नको वाटलं तर आत्ता परत गेलात तरी चालेल. एका बाईने विचारलं, "किती काढता वो? गुंडभर?" मी नळी दाखवली. "एवढंच?" ती म्हणाली, आणि बायका हसायला लागल्या. "येवढं तं डास पेते."

"एक गोष्ट मात्र आधी ठरवून सांगा," मी म्हटलं. "तपासताना काही वेगळं दिसलं, आजारासारखं, तर तुम्हाला सांगायचं का नको?"

मावशी म्हणाली, "सांगजो. लपवून कायले ठेवाचं? माहं असन तं मले आधी सांगजो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. रक्त देऊन झाल्यावर आम्ही त्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. परत जाताना त्या फाटकापर्यंत मोठमोठ्याने बोलत, हसत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी नमुने बघायला बसले. यंत्रातून आकडे बाहेर पडत होते. सगळ्यांचं ठीक. वयाच्या मानाने फारच ठीक. मग एका नमुन्यात पांढऱ्या पेशींचा आकडा इतका वर गेला की मला यंत्र बिघडलं वाटलं. पुन्हा लावला, तोच. मी काचपट्टी केली, रंगवली, डोळा लावला. पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी. एरवी ज्या हाडांच्या बाहेर पडायलाच नकोत अशा कोवळ्या पेशीसुद्धा रक्तात फिरत होत्या. असं चित्र मी शेकडो वेळा पाहिलं होतं. हा सावकाश चालणारा रक्ताचा कर्करोग. नमुन्यांवर फक्त खुणेचे आकडे असतात. पण हा नमुना कोणाचा ते मी शोधलं, कारण शोधणं भाग होतं. मावशीचा होता.

मी खुर्चीतून उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्या पेशी बघितल्या त्यांना चेहरे नव्हते. आज पहिल्यांदा भिंगाखालच्या गर्दीला आवाज होता, आणि तो मला लहानपणापासून माहीत होता.

आमच्या रुग्णालयात रक्तविकारांचे डॉक्टर आहेत, नागपूरकडचे. मी त्यांना काचपट्टी दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "पुन्हा सॅम्पल लागेल, बोन मॅरो लागेल. पण पाहा ना, केवढं नशीब आहे त्यांचं. त्रास सुरू व्हायच्या आधी सापडलं. आता याला गोळी आहे. रोज घेतली तर माणूस म्हातारा होऊनच मरतो."

ते मलाही माहीत होतं. आधी हा आजार म्हणजे शेवट असायचा. आता एका गोळीने बहुतेकांच्या अंगात तो शेपूट घालून बसतो. हे माझ्यासारख्याच कुठल्या कुठल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून शोधलेलं होतं. त्यांच्यापैकी एकालाही मी कधी भेटले नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

मी समुद्रपूरला गेले. आईला आधी काही सांगितलं नाही, कारण मावशीने 'मले आधी' म्हटलं होतं. मावशी अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होती. तिचा मास्तर मुलगाही शाळेतून आला होता. मी खाली बसले आणि सरळ सांगितलं. रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्या आहेत, हा रक्ताचा कर्करोग आहे असं वाटतंय, पुन्हा तपासावं लागेल, आणि याला चांगलं औषध आहे.

मावशीचे हात थांबले नाहीत. तिने एक जुडी बांधली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "मले तं काही होतच नाई. दोन टोपले डोक्यावर घेतो अजून."

"हो मावशी. म्हणूनच लवकर कळलं."

"तुह्याकडे आली तवा चांगली होती मी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "तू रक्त काढलं, अन् आता म्हनते कॅन्सर. तुह्या कामाले आली न मी? का तूच केलं मले बिमार?"

मुलगा तोवर उभा राहिला होता. तो शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होता आणि मला कायम ताई म्हणून अगंतुगं करायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही आमच्या आईवर प्रयोग करून राह्यल्या का? तुमचे कागद छापून येतीन, आमचं काय?" त्याचं ते 'तुम्ही' मला फार लागलं.

मी जे खरं ते पुन्हा सांगितलं. सुईने हा आजार होत नाही, तो कितीतरी महिने आधीच होता. नागपूरला, दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे तपासून घ्या, पण तपासा. मावशी उठून घरात गेली. मी परत निघाले.

बातमी बाजारात पसरली. पुढच्या आठवड्यात मावशीने आपली जागा सोडली आणि ताडपत्री पार दुसऱ्या टोकाला नेली. बाकीच्या बायकाही आईशी तुटक वागू लागल्या. मी आईला भेटले तेव्हा ती चुलीसमोर बसली होती.

"मीच तिले हात धरून नेलं वो," ती म्हणाली. "एवढ्या वर्साची जोडीन माही."

"आई, तू नेलं नसतंस तर तिला कधी कळलं असतं? पोटात गोळा आल्यावर? ताप चढल्यावर?"

आईने चुलीतली लाकडं पुढे सारली. मग तिने एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे. तिने मावशीला समजवायला कोणाला पाठवलं नाही, स्वतःही भांडली नाही. दर बाजाराला घरून निघताना दोघींचा डबा घ्यायची, आणि दुपारी उठून बाजाराच्या त्या टोकाला जाऊन एक डबा मावशीच्या टोपल्याशेजारी ठेवून यायची. बोलायची नाही. पहिल्यांदा डबा तसाच परत आला. पुढच्या वेळी रिकामा आला. त्यानंतरच्या बाजाराला मावशीने तो घासून, त्यात स्वतःची शेवभाजी भरून परत केला.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी कामावर पोचले तर मावशी पायरीवर बसलेली. शेजारी आई. मुलगा थोडा लांब उभा.

"मले दाखव," मावशी म्हणाली.

"काय दाखवू?"

"तू जे पाह्यलं ते. मी माह्या डोयानं पाहीन, मंग ठरवीन."

मी तिला आत नेलं. सूक्ष्मदर्शकाची खुर्ची तिच्यासाठी खाली केली. आधी आईच्या रक्ताची काचपट्टी लावली, आईला विचारूनच. मावशीला एक डोळा मिटून बघणं जमेना. मी दोन्ही डोळ्यांची भिंगं जुळवून दिली. ती बघत राहिली.

"हे गुलाबी गुलाबी काय?"

"लाल पेशी. आणि ती जांभळी दिसते ना, मोठी, ती पांढरी पेशी. रोगाशी लढणारी. हे आईचं रक्त आहे."

"एकदोनच तं हायेत."

"एवढ्याच असायला पाहिजेत."

मग मी काचपट्टी बदलली. मावशीने पुन्हा डोळे लावले आणि फार वेळ लावून ठेवले. तिने हाताने आधी टेबलाची कड पकडली, मग माझं मनगट.

"हे माहं?"

"हो मावशी."

"माय वो," ती हळूच म्हणाली. "केवढा गर्दा करून ठेवला यायनं."

मुलगा पुढे आला. त्यानेही दोन्ही बघितल्या. तो मास्तर माणूस. एकदा माझ्या आईची, एकदा मावशीची, अशी त्याने काचपट्टी दोनदा बदलून मागितली. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "ताई, तपासण्या कुठं कराच्या ते सांग."

हाडातली मज्जा काढताना मावशीला दुखलं. तिने डॉक्टरांना अस्सल समुद्रपुरी शिव्या दिल्या, ज्या डॉक्टरांनी हसत ऐकून घेतल्या. तपासणीत तेच निघालं. दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चुकीचे जोडले गेले होते. गोळी सरकारी योजनेतून मिळायची सोय झाली. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आजी, रोज एक. जेवल्यावर. नागा नाही करायचा, बरं वाटलं तरी नाही."

पहिले महिने वाईट गेले. डोळे सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, खाल्लेलं वर यायचं. मावशी म्हणायची, "बिमारीनं नाई मेली, ह्या गोयीनं मरन." आई तेव्हा तिच्याकडे राहायलाच गेली. मऊ खिचडी, ताक, आणि दुपारभर बाजारातल्या गप्पा. दोघींची वावरं, दोघींची भाजी मावशीच्या मुलाने आणि सुनेने सांभाळली. मी शनिवारी जायचे. मावशी माझ्याशी अजून जरा फटकून वागायची, पण जाताना पिशवीत काहीतरी कोंबायचीच.

हळूहळू पेशी उतरल्या. तीन महिन्यांनी रक्त जवळपास आईच्या रक्तासारखं दिसायला लागलं. वर्षाच्या आतबाहेर तपासणीत तो बिघाड इतका कमी झाला की डॉक्टरांनी स्वतःहून मला बोलावून अहवाल दाखवला. मी तो घेऊन थेट समुद्रपूर गाठलं. मावशीने तो उलटासुलटा धरून बघितला, मुलाकडे दिला आणि मला म्हणाली, "म्हंजे बाजारात बसू का मी आता?"

"बस की."

पुढच्या बाजाराला तिने आपली ताडपत्री पुन्हा आईच्या ताडपत्रीला जोडून बांधली. मग जे झालं ते मी मागितलं नव्हतं. बायका मावशीला विचारायला लागल्या, आणि मावशी आपल्या त्या आवाजात सगळ्या बाजाराला सांगायला लागली. "मले कायीच होत नोयतं. ही पोरगी नसती तं मले समजलंच नसतं. जा, रक्त देऊन या." समुद्रपूरच्या, मग गिरडच्या, मग आजूबाजूच्या खेड्यांच्या बायका यायला लागल्या. त्यांच्या मागोमाग त्यांचे नवरेही आले, कारण बायका ऐकत नव्हत्या. त्यांच्यापैकी कुणातही पुन्हा तसं काही निघालं नाही. पण कितीतरी जणींचं रक्त कमी निघालं, काहींना साखर निघाली, आणि त्यांचे उपचार सुरू झाले. आणि आमच्या कामाला हवं होतं ते मिळालं. निरोगी म्हातारपणात रक्ताच्या पेशी कशा बदलतात, कुठला बदल निरुपद्रवी आणि कुठल्यावर लक्ष ठेवायला हवं, याचं थोडं स्पष्ट चित्र आम्हाला मांडता आलं. फार मोठा शोध नव्हे. पण पुढच्या कोणाला तरी त्यावर उभं राहता येईल.

निबंध छापून आला तेव्हा शेवटी आभाराच्या ओळीत मी तालुक्यातल्या भाजीविक्रेत्या महिलांचे आभार मानले. ते पान घेऊन बाजारात गेले आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली. बायका खूश झाल्या. मावशी मात्र म्हणाली, "माहं नाव काऊन नाई?"

"नाव छापता येत नाही मावशी. नियमच आहे तसा. तुझ्याच भल्यासाठी."

"माह्या भल्याचं मले इचारा न," ती म्हणाली. "मी तं सगळ्या बाजारात सांगून बसली."

तरी मीही इथे तिचं नाव लिहिलेलं नाही. मॅडमचं नाही, त्यांच्या बहिणीचं नाही, आईचंही नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशीने गिरडला जायचं काढलं. टेकडीवरच्या बाबांच्या दर्ग्यात तिने बोलून ठेवलं होतं, बरं वाटलं की येईन म्हणून. आम्ही तिघी गेलो. मावशीच्या मुलाने खाली गाडी लावली आणि तो सावलीत पेपर वाचत बसला. आईने फुलांची चादर घेतली, मावशीने नारळ. चढण सुरू झाली तशी मी मागे पडले. खुर्चीत बसून पेशी बघणाऱ्या माणसाचे गुडघे ते. आई निम्म्यावर एका दगडावर टेकली. मावशी मात्र पदर खोचून सरळ वर चालली होती, वाटेत भेटणाऱ्या अनोळखी बायकांशी बोलत. वरून तिचा आवाज आला, "या न वो लवकर! दोघीच्या दोघी म्हाताऱ्या झाल्या का?"

आई हसायला लागली. मीही. मी आईला हात दिला आणि आम्ही दोघी पुढच्या पायऱ्या चढायला लागलो.